महिपतीच्या जीपवरचा पत्रा

शरच्चंद्र फणसे यांनी आयुष्यात एकदाच एका माणसाला "बिनधास्त जोरात जा, मी सांगतो" असे सांगितले. तसे सांगताना ते स्वतः गाडीत बसणार नव्हते, हे आधीच नोंदवलेले बरे.

एरवी माणूस जपून वागणारा. महाडच्या एका भातगिरणीत ते हेडक्लार्क होते. मुंबईला मामाकडे राहून बी.कॉम. झालेले. त्या काळी महाडात बी.कॉम. झालेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे गिरणीत, पेठेत आणि एस.टी. स्टँडवर सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पदवीचे प्रमाणपत्र काचेत बसवून त्यांनी ओटीवर लावले होते. एका पावसाळ्यात वाळवीने नेमका वर्ग लिहिलेला कोपरा खाल्ला. वर्ग तिसरा होता, म्हणून भाऊसाहेबांनी वाळवीवर औषध मारायला जरा उशीरच केला.

वाहन म्हणाल तर त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. तिशीत एकदा शिकायला घेतली आणि सावित्रीच्या काठाच्या उतारावर ब्रेकऐवजी घंटी दाबत नदीपर्यंत गेले. तेव्हापासून चालणे प्रकृतीला चांगले, असे त्यांचे मत झाले होते. पण मोटारींच्या शर्यतींवर बोलायचे तर अख्ख्या तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. याला कारण त्यांचा मेहुणा गंगाधर. तो बोटीवर इंजिनीयर होता आणि दर वर्षी बहिणीला विलायती कपबशा पाठवायचा. कपबशा फुटू नयेत म्हणून भोवती तिकडची मोटारींची मासिके कोंबलेली असत. कालिंदीबाई कपबशा ठेवून घेत आणि भाऊसाहेब त्यांचे वेष्टण. ते पाने सरळ करून, चुरगळल्याच्या रेघांवरून बोट फिरवत, शब्दकोश शेजारी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. काही पाने नसायचीच, कारण तेवढ्या कपबशा वाटेत फुटून टाकून दिलेल्या असायच्या.

"अहो, त्या मोटारी तिकडे, तुम्ही इकडे," कालिंदीबाई म्हणायच्या. "निदान रॉकेलच्या रांगेत तरी वेळेवर जा."

एकोणसत्तर सालचा एप्रिल महिना होता. दर शनिवारी भाऊसाहेब गिरणीच्या पोलादपूरच्या गुदामावर भात तपासायला जात आणि संध्याकाळी महिपतीच्या जीपमधून परत येत. महिपती मोरे पोलादपूरचा. त्याची जीप लष्कराच्या लिलावातली, टॅक्सी म्हणून चालायची, आणि घरातली पाच तोंडे त्या जीपवरच होती. त्या शनिवारी तो जीपखाली आडवा पडला होता. फक्त पाय बाहेर.

"भाऊसाहेब, टायर गोटे झालेत," पायांच्या बाजूने आवाज आला. "हात फिरवून बघा. तुमच्या डोक्यासारखं लागंल."

भाऊसाहेबांनी टायरवरून हात फिरवला आणि मग, काही कारण नसताना, डोक्यावरूनही.

प्रकरण साधे होते. जूनमध्ये गाडीचे पासिंग होते आणि या टायरांवर कुठलाही इन्स्पेक्टर गाडी पास करणार नव्हता. पासिंग नाही तर टॅक्सी बंद. नवे चार टायर घेण्याची महिपतीची ऐपत नव्हती. मात्र एक वाट निघाली होती. मुंबईचा एक मोटार क्लब मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आंबेनळी घाटात चढाची शर्यत भरवणार होता. मुंबईच्या मोटारी तर येणारच होत्या, पण गावकऱ्यांचा रस्ता दिवसभर अडवायचा म्हणून क्लबाने स्थानिक टॅक्सींसाठी वेगळी शर्यत ठेवली होती. नियम सोपे. एक गाडी, एक फेरी, आणि टॅक्सी आहे म्हणून आत निदान एक उतारू हवाच. सर्वांत कमी वेळात वर पोचेल त्याला चार नवे कोरे टायर.

"तीनच गाड्या हायेत," महिपती बाहेर येऊन हात पुसत म्हणाला. "त्यातला एक तर वाटंत पानी घालायला थांबतोच. राहिला हैबती. त्याची जीप माझ्यासारखीच, पर त्याच्या टायरांना निम्मी नक्षी हाय. जांभळीच्या वळनावर तो मला खातो. माझं मागलं बूड बाहेर पळतं."

जांभळीचे वळण हे त्या चढावरचे खरे दुखणे. त्याआधी फर्लांगभर जवळजवळ सपाट, सरळ रस्ता, आणि मग एकदम डावीकडे कोपर दुमडावे तसे वळण. उजवीकडे दरी.

अशा वेळी शहाण्या माणसाने "देव बघून घेईल" म्हणून गाडीत बसावे. भाऊसाहेब म्हणाले, "महिपती, याच्यावर तिकडे उपाय निघालाय."

चहाच्या टपरीवर बसून त्यांनी पाऊण तास उपाय सांगितला. तिकडच्या शर्यतीच्या मोटारींवर गेल्या वर्षापासून विमानासारखे पंख बसवू लागले होते. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच उलटा बसवला तर वारा गाडीला खाली दाबतो. चाक रस्त्याला घट्ट धरते.

"दाबायचंच तर दोन गोनी टाकतो की मागं," महिपती म्हणाला.

"टाकल्यास की नाही कधी? काय होतं?"

"चढाला चाक धरतं. पर वळनावर त्याच गोनी भाईर पळायला बघतात. मला घेऊन."

"तेच तर!" भाऊसाहेबांनी बशी बाकावर आपटली. "गोणी दाबते, पण तिला वजन असतं, म्हणून ती बाहेरही ओढते. वारा दाबतो तेव्हा गाडीचं वजन वाढत नाही. बाहेर कोण ओढणार?"

महिपती विचारात पडला. भाऊसाहेबांना कोणी विचारात पडलेले पाहिले की आणखी बोलावेसे वाटे.

"आता सगळ्या मोटारींना एकच औषध चालत नाही हं. एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या मोटारी असतात, हलक्या, नांगरासारख्या. त्यांना उंच खांबांवर पंख. खांब थेट मागच्या चाकांच्या आसावर, म्हणजे दाब चाकालाच. दुसऱ्या असतात रुंद, चपट्या, अंग झाकलेल्या. त्यांना नाकाशी आणि शेपटीशी छोट्या पट्ट्या पुरतात. आणि आपल्या घरगुती मोटारी कासवासारख्या. त्यांच्या पाठीवरून वारा जाताना त्या उलट उचलल्या जातात, म्हणून डिकीवर नुसता ओठ काढतात. शिवाय पुढचं-मागचं सांभाळावं लागतं. मागेच दाबलं तर पुढची चाकं ऐकत नाहीत, गाडी सरळच जाते. पुढेच दाबलं तर शेपूट फिरतं."

"कावडीसारखं," महिपती म्हणाला.

पाऊण तासात भाऊसाहेबांना न सुचलेली उपमा त्याने एका शब्दात दिली होती. तरी त्यांनी ती "हो, साधारण तसंच" असे म्हणून मान्य केली.

"आन् आपल्या जीपला?"

इथे खरे तर मासिकाचे पान संपले होते. पुढचे पान फुटलेल्या किटलीबरोबर गेले होते. पण समोर चार माणसे उभी राहून ऐकत होती, आणि भाऊसाहेबांना "माहीत नाही" हे दोन शब्द चार माणसांत कधीच उच्चारता आले नव्हते. ते म्हणाले, "जीपला सगळ्यात उत्तम."

पंख करण्याचे काम कुशाबा पत्रेवाल्याकडे गेले. कुशाबा पोलादपुरातल्या निम्म्या घरांचे पन्हळ आणि पत्रे बसवणारा. नळीचा नाही, सपाट गॅल्व्हनाइजचा पत्रा, खाली लाकडी चौकट, जीपच्या मागच्या बाजूला चार खांब, आणि त्यावर डोक्याहून उंच हा पत्रा. भाऊसाहेबांनी पट्टीने आखून नकाशा दिला होता. मापे इंचाच्या अष्टमांशापर्यंत होती. फक्त उतार कुणीकडे, ते नकाशात नव्हते, कारण मासिकातले चित्र समोरून काढलेले होते आणि त्यात पंख नुसत्या फळीसारखा दिसत होता.

"उतार मागं देतो," कुशाबा म्हणाला.

"जरा थांब. 'उलटा' असं लिहिलंय."

"कोन लिहितो? त्याच्याकडं पाऊस पडतो का?" कुशाबाने हातोडी खाली ठेवली. "पुढं उतार दिला तर सगळं पानी डायवरच्या मानंवर. पन्नास वर्सं पत्रं घालतोय मी, भाऊसाहेब. पानी मानसाच्या आंगावर आनणारा पत्रा माझ्या हातून नाय व्हायचा."

भाऊसाहेबांनी पत्र्याकडे पाहिले. पुढची कड वर, मागची खाली. त्यांच्या घराच्या पडवीसारखा, गिरणीच्या शेडसारखा, आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक छपरासारखा. डोळ्याला बरोबर वाटत होते. वारा वरून घसरत मागे जाईल आणि जाता जाता दाबेल, लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा. त्यांनी स्वतःचे समाधान करून घेतले. असे समाधान करून घेण्यात त्यांना वेळ लागत नसे.

तरीही ते पद्धतशीर गृहस्थ होते. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. गिरणीत गोणी तोलायला स्प्रिंगचा टांगता काटा होता. वर तुळईला अडकवायचा, खाली आकड्याला गोणी लावायची. भाऊसाहेब वीस वर्षे त्या काट्याची सुई वाचत होते. तो त्यांनी एका रविवारी मागून आणला. पत्र्याची पुढची कड खांबांना बिजागरीने लावली, मागची मोकळी ठेवली, आणि त्या मोकळ्या कडेपासून जीपच्या फळीपर्यंत मध्ये तो काटा दोरीने ताणून बांधला. मग महाड रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर महिपतीला गाडी हाणायला सांगून स्वतः मागे, वही-पेन्सिल घेऊन, डोळे अर्धे मिटून बसले.

वीस मैलांच्या वेगाला सुई तीन किलोवर गेली. चाळीसला बारावर.

"चौपट!" भाऊसाहेब ओरडले. "वेग दुप्पट, जोर चौपट! मासिकात अगदी हेच आहे!"

त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच एखादा शास्त्रीय नियम सिद्ध झाला होता. त्यांनी वहीत बारा हा आकडा दोनदा अधोरेखित केला.

"भाऊसाहेब," महिपती गाडी थांबवून म्हणाला, "मला तर मागलं हलकं लागतंय."

"तुला सवय नाही," भाऊसाहेब म्हणाले. "चाक घट्ट धरलं की असंच वाटतं."

"असं?"

"असं."

महिपतीने मान डोलावली. भाऊसाहेब बी.कॉम. होते आणि काटा गिरणीचा होता, दोन्हीवर तालुक्याचा विश्वास होता. घरी परत जाताना महिपती म्हणाला, "मग जांभळीला ब्रेकच नाय लावत. हैबती लावतो. तिथंच त्याला मारतो."

"बिनधास्त जोरात जा," भाऊसाहेब म्हणाले. "मी सांगतो."

शर्यतीच्या दिवशी क्लबाला वळणावळणावर निशाणे दाखवायला आणि गाड्यांच्या वेळा टिपायला माणसे हवी होती. ज्यांच्याकडे बरोबर चालणारे घड्याळ आणि सुवाच्य अक्षर आहे त्यांनी नावे द्यावीत, असे ठरले. असे गृहस्थ एकच निघाले. छातीला कापडी फूल लावून, हातात लाल निशाण घेऊन भाऊसाहेब सकाळी सातपासून जांभळीच्या वळणावर उभे राहिले. डोक्यावर ऊन, म्हणून बगलेत छत्री. ती कालिंदीबाईंनी बळेच दिली होती. "त्या निशाणाने ऊन अडायचं नाही," असे म्हणून.

आधी मुंबईच्या मोटारी गेल्या. तिसरी मोटार उघड्या चाकांची, एका माणसाची होती, आणि तिच्या मागे खरोखरच पंख होता! प्लायवुडचा, छोटासा. भाऊसाहेबांचा ऊर भरून आला. मोटार समोरून वळून गेली तेव्हा त्यांनी नीट पाहिले. पंखाची पुढची कड खाली होती आणि मागची वर.

"अरेरे," भाऊसाहेब मनात म्हणाले. "उलटा बसवलाय बिचाऱ्यांनी." शर्यत संपली की त्या मुंबईकराला बाजूला घेऊन, त्याला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत, चूक सांगायची असे त्यांनी ठरवले. शब्दही जुळवून ठेवले.

साडेनऊच्या सुमारास ठकूबाई वर आली. ठकूबाई गिरणीत गोणी वाहणारी. हंगाम नसला की पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत असायची. आज डोक्यावर ताकाचे मडके घेऊन ती शर्यतीच्या गर्दीत ताक विकत चढत आली होती. तिने मडके खाली ठेवले, पदराने तोंड पुसले आणि भाऊसाहेबांकडे बघून हसू लागली.

"काय गो, हसायला काय झालं?"

"खाली महिपतीची जीप बघून आले, भाऊसाब. आपला गिरनीचा काटा अजून तसाच बांधलाय तुमी तिला."

"मग? हसण्यासारखं काय त्यात? मोजमाप आहे ते."

"कुनाचं?"

"दाबाचं. बारा किलोनं पत्रा खाली दाबतो."

ठकूबाईने ताकाचे वाडगे त्यांच्या हातात दिले आणि कमरेवर हात ठेवले. "भाऊसाब, वीस वर्सं मी त्या काट्याला गोनी लावते. गोन खाली असती नि काटा वर. गोन खाली वढती, मग सुई फिरती. नाय का?"

"हो."

"तुमी काटा बांधला खाली नि पत्रा हाय वर. मग सुई फिरली तर वढलं कुनी? पत्र्यानं. कुनीकडं? वर! दाबला असता तर दोरी सैल पडली असती की वो. काट्याला काय कळतंय दाबलेलं?"

भाऊसाहेब ताकाचे वाडगे तोंडाशी नेऊन तसेच थांबले. वीस वर्षे सुई म्हणजे खाली जाणारे वजन, एवढेच त्यांनी वाचले होते. काटा उलटा बांधला तरी डोके तेच वाचत राहिले. बारा किलो. मागच्या कडेला बारा, म्हणजे पुढच्याही कडेला तेवढेच धरा. दोनदा अधोरेखित केलेला तो आकडा महिपतीच्या गोटा टायरांना रस्त्यावरून वर उचलत होता. "मला तर मागलं हलकं लागतंय." "तुला सवय नाही." आणि तो आता या सरळ पट्ट्यावर चाळीसच्या वेगाने येणार होता. ब्रेक न लावता.

त्या मुंबईकरासाठी जुळवून ठेवलेले शब्द आठवून भाऊसाहेबांचे कान तापले.

"टॅक्सी किती वाजता सोडणार?"

"आता सोडतीलच. हैबती पहिला, महिपती शेवटला."

खाली रस्त्याला दोन वळसे होते, पण गुराख्यांची पाऊलवाट दोन्ही वळसे तोडून सरळ उतरत होती. भाऊसाहेबांनी ठकूबाईच्या हातात निशाण दिले. "हे धर. काही झालं तरी हलवू नकोस. हलवलंस तर गाडी थांबते."

"आन् वही?"

वही त्यांनी तिच्याच ओच्यात टाकली आणि छत्री बगलेत तशीच घेऊन उतरायला सुरुवात केली. सेहेचाळीस वर्षांच्या त्या देहाने शेवटची धाव सावित्रीकाठच्या सायकलवरून घेतली होती. दोनदा ते बसले, ते स्वतःच्या मर्जीने नव्हे. एका करवंदीच्या जाळीने कापडी फूल ठेवून घेतले. खाली पोचले तेव्हा हैबती आणि दुसरी जीप सुटून गेली होती. महिपती गाडीत बसला होता, शेजारी उतारू म्हणून कुशाबा, आणि क्लबाचा माणूस घड्याळ हातात घेऊन उभा होता. भोवती पोलादपूरचा सगळा स्टँड लोटलेला.

"थांब!" भाऊसाहेब जीपच्या पुढे उभे राहिले. "महिपती, पत्रा उलटा आहे."

"उलटाच पायजे ना? तुमीच म्हनला होता."

"उलटाच हवा होता. तो आपण सुलटा बसवलाय." दम लागल्याने त्यांना थोडक्यात बोलता येत होते, हे बरेच झाले. "हा पत्रा गाडी दाबत नाही. उचलतो. तुला हलकं लागत होतं ते बरोबर होतं. मी चुकलो. काटा मीच चुकीचा वाचला. ठकूबाईनं सांगितलं."

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "म्हंजे जीपचं इमान केलं भाऊसाहेबांनी!" आणि सगळा स्टँड हसला. अगदी क्लबाचा माणूसही घड्याळ बघत हसला. भाऊसाहेबांना वाटले होते की हे हसू आपल्याने सोसवणार नाही. सोसवले. गुडघा जास्त दुखत होता.

कुशाबा मात्र हसला नाही. तो मुकाट्याने गाडीतून उतरला. "मी पानी बघून उतार दिला," तो म्हणाला. "उडायचं मला ठावं नव्हतं. माझी म्हातारी हाय घरी."

"उलटून बसवू का?" महिपतीने विचारले. "चार तर बोल्ट हायेत."

भाऊसाहेबांनी मनात हिशेब केला, आणि या खेपेला तो मोठ्याने बोलूनही दाखवला. "घाटात वळणावर तू वीसनं जाणार. वीसला सगळा मिळून सहा किलो. एवढी जीप, तिला सहा किलोनं काय होतंय? ते शंभराच्या वेगानं जाणाऱ्या हलक्या मोटारींचं काम, आपलं नाही. काढून टाक. आणि जांभळीला ब्रेक लाव."

"पाच मिनिटं," क्लबाचा माणूस म्हणाला. "आणि उतारू कुठे आहे? उतारूशिवाय सोडता येत नाही."

पत्रा चार मिनिटांत उतरला. उतारू मात्र मिळेना. मघापासून हसणारी माणसे एकेक पाऊल मागे सरकली. महिपतीने कोणाकडे पाहिले नाही. त्याने शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थोपटला.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "बसा."

नाही म्हणायला एकही कारण शिल्लक नव्हते. भाऊसाहेब छत्रीसकट बसले.

"तिथं नको, मागं बसा, चाकावर, खाली वाकून. वळन आलं की आतल्या बाजूला झुका. वाऱ्याला नाय जमलं ते तुमी करा."

पुढच्या काही मिनिटांबद्दल भाऊसाहेबांना नंतर फारसे सांगता येत नसे, कारण बराच वेळ त्यांचे डोळे मिटलेले होते. पहिल्या वळणाला ते नीट झुकले. दुसऱ्यालाही. चाक खरोखर धरत होते, आणि आपण शास्त्राच्या नव्हे तर गोणीच्या जागी उपयोगी पडतो आहोत हे त्यांना चक्क आवडू लागले. मग तो सरळ पट्टा आला. वारा कानात घुसला. जांभळीचे वळण समोर दिसले, पलीकडे दरी दिसली, आणि भाऊसाहेबांनी जगातल्या कोणत्याही सभ्य माणसाने केले असते तेच केले: धडपडून दरीकडची कड घट्ट पकडली.

"आत!" महिपती ओरडला. "भाऊसाहेब, आत!"

मागचे बूड बाहेर सरकू लागले. खडी उडाली. वळणावर कासोटा घट्ट मारून, निशाण काखेत धरून ठकूबाई उभी होती. "आत झुका वो भाऊसाब!" तिचा आवाज गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटातूनही ऐकू यायचा, तो इथे दरीवरून आला. "डावीकडं! डाव्या हाताकडं!"

भाऊसाहेब डावीकडे कोसळले. जीप थरथरली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि रस्ता धरून पुढे निघाली.

वर पोचल्यावर वेळा वाचून दाखवल्या. हैबती पहिला. महिपती दोन सेकंदांनी दुसरा.

ते दोन सेकंद कुठे गेले, हे तिघांनाच माहीत होते. तरी भाऊसाहेब बोलले. बक्षीस द्यायला आलेल्या सगळ्या मंडळींसमोर त्यांनी सांगितले, "दोन सेकंद माझे. मी चुकीच्या बाजूला झुकलो." दिवसातली त्यांची ही दुसरी जाहीर कबुली होती आणि पहिलीपेक्षा सोपी गेली. सवयीने जमते.

हैबती आपले चार नवे टायर एकावर एक रचून त्यावर बसला होता. तो भाऊसाहेबांकडे बघत राहिला, मग महिपतीकडे. "हात्त लेका," तो म्हणाला. "पत्रा ठेवला असता तर तू दरीत गेला असतास, नि मी तुझ्या घरी टायर घेऊन कंच्या तोंडानं गेलो असतो? माझे जुने उतरवतो. निम्मी नक्षी हाय. इन्स्पेक्टर तेवढ्यावर पास करतो. घेऊन जा."

"काय घेनार त्याचं?"

"भाऊसाहेबांचं भाषन नको, एवढंच."

जूनच्या दहा तारखेला महिपतीची जीप हैबतीच्या जुन्या टायरांवर पास झाली. पत्रा कुशाबाने परत नेला नाही. तो भाऊसाहेबांच्या मोरीवर बसला, उतार मागे देऊन, आणि तिथे त्याने आपले काम चोख केले. काटा गिरणीत परत गेला. त्यानंतर सुई वाचण्याआधी भाऊसाहेब काटा कुठे अडकवलाय ते आधी बघत, आणि ठकूबाई प्रत्येक वेळी विचारी, "गोन खालीच हाय ना, भाऊसाब?"

जुलैत गंगाधरच्या कपबशा आल्या. भाऊसाहेबांनी वेष्टणातले मासिक सरळ केले. तिकडे मे महिन्यात एकाच शर्यतीत दोन मोटारींचे उंच पंख धावता धावता मोडले होते. चालक वाचले, पण शर्यतींच्या मंडळाने लगोलग असल्या उंच पंखांवर बंदी घातली होती. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"म्हणजे तिकडेही एक फणसे आहेत," कालिंदीबाई कपबशी पुसत म्हणाल्या.

"दोन," भाऊसाहेब म्हणाले.

शनिवारची पोलादपूरची फेरी त्यांनी पुढे कितीतरी वर्षे केली, महिपतीच्याच जीपमधून. आता त्यांना कोणी काही विचारत नसे आणि तेही मोटारींवर काही बोलत नसत. फक्त रस्त्याला वळण आले की ते आतल्या बाजूला झुकत. बातमी वाचताना, पेंगताना, कुणाशी भाताच्या भावाबद्दल बोलतानासुद्धा. शेजारचे उतारू आधी हसायचे. मग केव्हातरी, भाऊसाहेब झुकले की अख्खी जीप त्यांच्याबरोबर झुकू लागली, आणि महिपतीला वळणावर "आत" म्हणायची गरजच उरली नाही.